आळेफाट्याची डबी

आमच्या घरचे बियाण्याचे दोन भोपळे असायचे. वाळवून पोकळ केलेले, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. एक आईच्या चुलीवर टांगलेला आणि दुसरा गावाच्या पार त्या टोकाला, मावशीच्या घरात. मावशीचा एक आमच्याकडं. छपरं गवताची. घर जळालं तर परत उभं राहतं, बी जळालं तर पेरायचं काय, असं आई म्हणायची. नांदेडच्या पलीकडं, तेलंगणाला टेकलेलं आमचं गाव. तिथून उठून मी इतक्या लांब येईन आणि पोटासाठी भोपळे सांभाळायचंच काम करीन, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. थोरल्या बहिणीबरोबर आळेफाट्याला आले. मेहुणे तिथं गॅरेजात होते. बहीण आणि मी एका हॉटेलात चपात्या लाटायचो. समोर काकांचं दुकान, सगळेच त्यांना काका म्हणायचे. पाइप, पाण्याच्या मोटारी, वॉशर, व्हॉल्व्ह. काका जैन, त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. पण बोलायला बसले की शेजारच्या आण्याच्या पठारावरच्या शेतकऱ्याला मागं टाकतील. दुपारी हॉटेल ओसरलं की मी त्यांच्या पायरीवर बसून खोक्यांवरची अक्षरं वाचत बसे.

"काय वाचती गं?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"हॉर्सपॉवर."

"कळतं का?"

"नाही."

"वाच, वाच. मलाबी न्हाई कळत. तरी विकतो."

त्या काकांनी मला डिंभ्याच्या ऑफिसात लावलं. माझ्यासमोरच फोन केला. "मास्तर, तुला एक पोरगी देतो. शिकल्याली न्हाई, पर लई घाबरट हाय. तिच्या हातनं काय हरवायचं न्हाई." माझ्या भित्रेपणाची कुणी शिफारस केलेली मी आयुष्यात एकदाच ऐकली. मला अजून गॅसचा नॉब तीनतीनदा बघावा लागतो. घरचे हसायचे. काकांनी तो माझा गुण धरला, आणि त्यांचे ते उपकार फिटण्यासारखे नाहीत.

मास्तर म्हणजे आमचे सर. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घोडेगावकडची शेती भावाच्या हवाली करून डिंभ्याला धरणाजवळ दोन खोल्या घेतल्या आणि डोंगरातल्या झऱ्यांच्या मागं लागले. धरणाच्या वरच्या अंगाला जेवढ्या वाड्या-वस्त्या, तिथल्या झऱ्यांवर त्यांनी खुणा केलेल्या काठ्या रोवल्या. वाडीतलं कुणीतरी ठरल्या दिवशी काठी बघून फोन करायचं. "ताई, चार बोटं उतरलं." मी ते कॉम्प्युटरात भरायचं. शिवाय झऱ्याचे फोटो, आणि पूर्वी पाणी कोणत्या सणापर्यंत टिकायचं ते सांगणारे म्हाताऱ्यांचे आवाज. त्यातले कितीतरी म्हातारे आता नाहीत. सर म्हणायचे, पाणी गेल्यावर सगळे रडतात, पण ते होतं किती हे सांगायला कुणाकडं काही नसतं.

काका आणि सर जुन्नरला एका बाकावर शिकलेले. काकांचं म्हणणं, "मी पाणी उपसायचं सामान विकतो, ह्यो ते मोजत बसतो. दोघांचं दुकान पाण्यावरच. माझं चालतं, ह्याचं चालत न्हाई, एवढाच फरक."

सुरुवातीच्या वर्षांचे कागद वाळवीनं खाल्ले, तेव्हा सर हादरले. जे राहिलं होतं ते मी महिनाभर बसून भरलं आणि मग आम्ही तिघं काकांच्या दुकानात चहा घेऊन बसलो, पुढं काय करायचं ते ठरवायला. पुण्याहून आलेल्या एका मुलानं सांगितलं होतं, क्लाऊडवर टाका, झंझट नको. डिंभ्याला रेंज ऑफिसच्या खिडकीच्या फळीवर येते, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. एक फोटो चढायला चहा उकळून गार व्हायचा. काका हसले. "आण्याच्या पठारावर रोज ढग येत्यात, मास्तर, अन् न पडता जात्यात. त्यांच्या भरवशावर नको राहू."

मी तेव्हा आईच्या भोपळ्यांचं सांगितलं. सांगताना लाज वाटली, पण सरांनी मांडीवर थाप मारली. "हां. अगदी तेच करायचं."

कॉम्प्युटरातलं सगळं नकलून ठेवायला दोन डिस्क घेतल्या. तळहाताएवढ्या, काळ्या. आम्ही त्यांना डब्याच म्हणायचो. काकांनी एकीला लाल दोरा बांधला, दुसरीला पिवळा. कॉम्प्युटर आणि एक डबी डिंभ्याला, दुसरी काकांच्या तिजोरीत. महिन्याला अदलाबदल, ताजी डबी जायची, शिळी परत यायची. घोडेगावला का नको, मंचरला का नको, हे मी विचारलं. सर म्हणाले, "एकाच नदीवर नको. तालुका वेगळा, वीज वेगळी पडते." मग परत आल्यावर त्यांनी ठळक अक्षरात कागद लिहून भिंतीला लावला: दोन्ही डब्या एका छपराखाली येणार नाहीत. खाली सही केली. माझ्याकडूनही करून घेतली. ऑफिसच्या कागदावर माझी ती पहिली सही.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. डिंभ्याहून घोडेगाव, मंचर, मंचरवरून नाशिककडं जाणारी गाडी. डबी चपातीच्या डब्यात, वर रुमाल, आणि डबा मांडीवर. नारायणगाव येईपर्यंत माझा हात झाकणावरून निघायचा नाही. दुकानाची पायरी चढले की काका गिऱ्हाईक सोडून उठायचे. "आली का पावणी?" डबी उपरण्यानं पुसायची, तिजोरीत काकूंच्या पाटल्यांशेजारी ठेवायची, आणि मग चहा. चहा पिताना निरोप.

"मास्तरला सांग, तू मोजतोस तंवर मी दोन मोटारी विकल्या."

तो निरोप मी तसाच डिंभ्याला न्यायची. सर म्हणायचे, "त्याला सांग, पाणी संपलं की मोटारी उशाला घेऊन झोप." तो निरोप पुढच्या महिन्यात परत आळेफाट्याला. मला वाटायचं, डबी हे निमित्त. खरी अदलाबदल ही.

आणि वर्षातून एकदा, संवत्सरीला, काकांचा फोन यायचा. जैन लोक त्या दिवशी वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतात. काका सरांना म्हणायचे, "मिच्छामी दुक्कडम्, मास्तर. वर्षाभराच्या शिव्या माफ कर." सर खिडकीत उभे राहून ओरडायचे, "केल्या माफ. चहा पाजला नाहीस त्याची मात्र माफी नाही." फोन ठेवल्यावरही बराच वेळ हसत असायचे. मी ते ऐकायला मुद्दाम झाडू घेऊन तिथंच घोटाळायची.

गेल्या खंडेनवमीला सरांनी पूजा मांडायची ठरवली. दरवर्षी करायचेच. काठी, टेप, कॉम्प्युटर, प्रिंटर, त्या महिन्याची डबी. भिंतीजवळच्या टेबलावर लाल कापड, झेंडूची माळ, समई. मी कॉम्प्युटर पुसून टेबलावर आणला, वायरी गुंडाळून ठेवल्या. इतक्यात बाहेर गाडी थांबली. काका आले होते. हातात पेढ्यांचा पुडा, आणि काखेत काहीतरी रेशमी फडक्यात गुंडाळलेलं.

फडकं सोडलं तर पिवळ्या दोऱ्याची डबी.

"ही कशाला आणलीस?" सर म्हणाले.

"अरे, वर्षाभर बिचारी माझ्या तिजोरीत अंधारात बसती. आज सणाला तरी बहिणीशेजारी बसू दे. आपण हत्यारं पुजतो, त्यात एक वगळायचं? बरं दिसतं का राव?"

सरांनी भिंतीवरच्या कागदाकडं पाहिलं. मग काकांकडं. मग हसले. मी म्हटलं, "सर, सही केलीय आपण." माझा आवाज बारीक निघाला. काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "बघ, सांगितलं नव्हतं? लई घाबरट हाय." मी म्हटलं, मग संध्याकाळच्या गाडीनं मी परत पोचवते. त्यावर दोघंही एकदम म्हणाले की मांडलेलं आज उचलायचं नसतं. दसऱ्याला सकाळी उचलायचं. हे मलाही माहीत होतं. आमच्याकडंही विळा-कोयता त्या दिवशी कुणी हलवत नाही.

दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या. काकांनी स्वतः हळदकुंकू लावलं, हलक्या हातानं, आत शिरू नये म्हणून. वर एकएक फूल. पेढा खाताना ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ, कशा दोघी नटल्यात." खरंच छान दिसत होतं. मी फोटोही काढला.

निघताना मी समईकडं पाहिलं. दिवा आपण विझवायचा नसतो, त्याचा तो शांत होऊ द्यायचा. तेल थोडंच उरलं होतं.

उंदरानं पेटती वात ओढली असणार, असं सगळे म्हणाले. दसऱ्याला सकाळी शेजारच्या चहावाल्या मावशीनं हाक मारली तेव्हा खिडकीतून धूर येत होता. आम्ही घागरी ओतल्या. लगेच विझलं. तेच सहन होत नाही. खोलीत फार काही जळलंच नव्हतं. कपाट तसंच, खुर्च्या तशाच, सरांचा सदरा खुंटीला तसाच. फक्त ते एक टेबल जळालं. जपायचं म्हणून आम्ही जे जे होतं ते सगळं आणून त्या एका टेबलावर मांडलं होतं.

काका दुपारी आले. सोनं द्यायला आपट्याची पानं आणली होती. ती खिशातच राहिली. चपला काढल्या नाहीत, उंबरा ओलांडला नाही. दारातूनच टेबलाकडं बघत उभे राहिले.

"ये ना आत," सर म्हणाले.

काका म्हणाले, "माझ्याकडं राहिली असती तर वाचली असती."

सर काही बोलले नाहीत. त्या वेळी "नाही रे, कशाचं काय" एवढं जरी कुणी म्हटलं असतं. मी म्हणायला हवं होतं असं नाही, माझ्या म्हणण्याला कुठं वजन. पण सर खोटं बोलत नाहीत. आणि डबी खरंच वाचली असती. त्या गप्प राहण्यात जे होतं ते काकांना कळलं. ते मागं वळले आणि गाडीत जाऊन बसले.

सर जळलेल्या डब्या घेऊन पुण्याला एका दुकानात जाऊन आले. तिथल्या माणसानं त्या उघडून दाखवल्या आणि मान हलवली. परत आल्यावर सरांनी त्या रुमालात बांधून कपाटात ठेवल्या. टेबल चहावाल्या मावशीच्या चुलीत गेलं. भिंतीवरचा कागद एका बाजूनं करपला होता. तो मी काढू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले.

मग फोन बंद झाले. भांडण नाही, बोलणं नाही. सर माणसावर चिडले असते तर बरं झालं असतं. मी महिन्याच्या ठरल्या दिवशी सवयीनं चपातीचा डबा घासून ठेवायची, आणि मग लक्षात यायचं की न्यायला काही नाही. न्यायला काही नाही म्हणून जायलाही कारण नाही. बहिणीकडून कळलं की काकांनी नियम घेतलाय, चहा सोडला. त्यांच्यात असं करतात, आवडीची वस्तू सोडतात. दुकानात बसतात, गिऱ्हाइकाशी धड बोलत नाहीत, सूनच सगळं बघते.

वाड्या-वस्त्यांवरच्यांना काय सांगायचं ते आम्हाला कळेना, म्हणून आम्ही काही सांगितलंच नाही. त्यामुळे पाऊस सुरू झाला तसे त्यांचे फोन येतच राहिले. "ताई, काठी बुडाली." "ताई, आमचा पहिल्यासारखा फुटला." सर उचलायचे नाहीत. मी कागदावर लिहून ठेवायची. कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला, त्यात भरायला लागले. एका पावसाळ्याचं पाणी, बस. त्याच्या मागं काहीच नाही. तेवढ्यासाठीही मी सरांच्या मागं लागून एक नवी डबी आणवली, भरली, आणि विचारलं, "ही कुठं ठेवायची?"

सर म्हणाले, "बघू."

आता महिना-सव्वा महिना झाला असेल, संवत्सरी आली. तारीख माझ्या आधी सरांनाच माहीत होती. सकाळीच दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले. फोन फळीवर, रेंज येते तिथं. जेवायलाही तिथंच घेतलं. दुपारी फोन वाजला तसे दचकले. वरच्या वाडीतून होता. "सर, काठीच्या वर गेलं की हो पाणी!"

"बरं, बरं. ठेव. लाइन मोकळी राहू दे."

उन्हं उतरली. धरणावर मासेमारीच्या होड्या काठाला लागल्या. सर उठले. म्हणाले, "त्यानं आज करायला हवा होता. मी माफ करायचं म्हणून बसलो होतो."

मी म्हटलं, "तुम्हीच करा ना."

"मागितल्याशिवाय माफ कसं करायचं? म्हणजे मी त्याला गुन्हेगार ठरवल्यासारखं होईल."

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मी नवी डबी चपातीच्या डब्यात घातली आणि सकाळच्या गाडीनं निघाले. काका दुकानात होते. मला बघून उठले नाहीत. सुनेनं पाणी दिलं. चहा विचारला, तो मी नको म्हटलं.

"सर काल दिवसभर फोनपाशी बसले होते," मी म्हटलं.

काकांचा चेहरा हलला. "लावला व्हता मी. रिंग जायच्या आत कापला. परत लावला, परत कापला." मग म्हणाले, "इतकी वर्सं गमतीत मागितली गं. तोंडाला सवय झाली व्हती. आता खरी मागायची वेळ आली तर तोंडच उघडंना."

"सरांनी माफ केलंय, काका."

"त्यानं धाडलं तुला, हे सांगायला?"

"नाही. पण—"

"मंग ही तुझ्याकडची नक्कल झाली बाई. अस्सल त्याच्यापाशीच हाय."

मी डबा उघडून डबी त्यांच्यासमोर गल्ल्यावर ठेवली. दोरा नव्हता तिला. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले, जणू ती तापलेली होती.

"माझ्याकडं न्हाई ठेवायची. दुसरं घर बघा."

"दुसरं घर नाही आम्हाला."

"तू त्या भोपळ्यांचं सांगितलं व्हतंस. तुझ्या मावशीनं सणावाराला भोपळा परत आणून दिला असता का? सांग की. न्हाई ना?" त्यांचे डोळे भरले होते. "तिला कळत व्हतं. मला न्हाई कळलं."

ज्या पायरीवर बसून मी अक्षरं वाचली होती तिच्यावर थोडा वेळ बसले, मग डबी घेऊन परत निघाले.

डिंभ्याला पोचले तर सर दारातच उभे. कुठं गेले होते ते त्यांनी ओळखलं होतं. मी सगळं सांगितलं, शब्द न बदलता, जसे आधी त्यांचे निरोप पोचवायची तसे. नकलेचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग आत जाऊन टोपी घातली, पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल. डबी घे."

आम्ही थांब्यावर जाऊन बसलो. सर एकसारखे रस्त्याकडं बघत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं बघत होते. म्हणाले, "त्याला पहिल्यांदा काय म्हणू?" मी म्हटलं, "मोटारी किती विकल्यास विचारा." ते हसले. गाडी आली नाही. एक जीप थांबली, "सर, मंचरला येताय का?" सर म्हणाले, "नको, एसटी येईल आता." मी त्यांचा सदरा ओढला, सर, चला ना, बसू. तोवर जीप गेली. गाडी येणार नाही हे चहावाल्या मावशीनं दोनदा सांगितलं. तरी आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले. चालताना एकच शब्द बोलले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली. मी डबा घेऊन थांब्यावर होते. कंडक्टरनं विचारलं, "येताय का ताई?" मी म्हटलं, जरा थांबा, आमचे सर यायचेत. ऑफिसच्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. आत सर कॉम्प्युटरपुढं बसलेले, पाठ रस्त्याकडं. गाडीचा आवाज त्यांना आला नसेल असं नाही. कंडक्टरनं घंटी मारली.

डबी सध्या माझ्या खोलीत असते, पेटीत, आईनं दिलेल्या लुगड्याच्या घडीत. माझी खोली ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर आहे. तीच नदी, तीच वीज. रात्री दोनदा उठून मी पेटीला हात लावून बघते. तिला आम्ही अजून आळेफाट्याचीच डबी म्हणतो.

दसरा आलाय. यंदा पूजेला काय मांडू म्हणून मी सरांना विचारलं. ते म्हणाले, एक काठी मांड, पुरे. दिवा नको. पेढेही आणू नकोस.

फोन मात्र ते रोज खिडकीच्या फळीवरच ठेवतात.